स्कार्डची खूण

ओद्दुर एकतीस वर्षं आमच्या खोऱ्याच्या शाळेत भाषा शिकवत होता आणि त्यातली तीस वर्षं मुलं त्याच्या तासाला झोपत होती. मी त्याच शाळेची स्वयंपाकीण. माझ्या खिडकीसमोरच त्याच्या वर्गाची खिडकी, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. बटाटे सोलताना मान वर केली की बाकांवर टेकलेली डोकी दिसायची, आणि त्यांच्यापुढे हातवारे करणारा ओद्दुर. उंच, जरा पोक काढून चालणारा, स्वेटरची दोन्ही कोपरं विरलेली. टुंगा हे त्यांचं घर. तिथल्या मेंढ्या धाकटा भाऊ बघायचा आणि हा पुस्तकं बघायचा. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं की म्हणायचा, आधी माझं पुस्तक होऊ दे. ते पुस्तक होण्याची वाट बघता बघता त्याचे केस गेले.

आमच्या खोऱ्याची एक जुनी कथा आहे, वासराच्या कातड्यावर लिहिलेली, सातशे वर्षांची. शाळेत ती सगळ्यांना वाचावीच लागते. उपासमारीच्या वर्षात लोडिन नावाचा माणूस शेजाऱ्यांच्या मेंढ्यांचे कान पुन्हा कापतो. आमच्याकडे मेंढी कोणाची हे कान सांगतो: शेंडा सरळ छाटलाय की तिरपा, मधोमध चीर आहे की कडेला चावा, म्हणजे चावल्यासारखी खाच, उजव्याला काय आणि डाव्याला काय. दर घराची खूण वेगळी, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. दुसऱ्याच्या खुणेवर सुरी चालवण्याइतकं हलकं काम नाही. लोडिन पकडला जातो. सभा ठरवते की त्याला कुणी छप्पर द्यायचं नाही, घास द्यायचा नाही, नावेतून नदीपार न्यायचं नाही. तीन हिवाळे तो लाव्हाच्या कपारीत काढतो आणि शेवटी सख्खी बहीणच त्याच्या तोंडावर दार लावते.

लोडिनचं घर कोणतं, हे कथेत नाही. ‘नदीच्या पश्चिमेला’ एवढंच लिहिलंय. पश्चिमेला आजही चार घरं आहेत, आणि सातशे वर्षांत त्यातलं एक नावही कुणी तोंडातून काढलेलं नाही. मी बंदरगावातून लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात सासूला विचारलं होतं. तिने कॉफीचा कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, पी, थंड होतेय. पुन्हा म्हणून मी विचारलं नाही.

तर ही कथा मुलांच्या गळी उतरत नव्हती. मग एकदा इल्वाने तोंड उघडलं. इल्वा ही स्कार्डच्या केटिलची नात. स्कार्ड म्हणजे टुंगाचं शेजारचं घर, दोघांच्या मध्ये एक तारेचं कुंपण. आई राजधानीत नर्स, बाप कुठल्याशा बोटीवर, आणि पोरगी हट्टाने आजोबांकडे राहिलेली, कारण मेंढ्या. तेरा वर्षांची, नाकावर ठिपके, बोलणं तुकडा पाडल्यासारखं. आमच्याकडे मास्तरलाही नावाने आणि एकेरीतच हाक मारतात. ती म्हणाली, “ओद्दुर, ही माणसं इतकी जुनी आहेत की त्यांची भीतीच वाटत नाही. हे उद्या होणार असेल तर सांग.”

दुपारी ओद्दुर माझ्याकडे जेवायला आला आणि काटा हातात धरून नुसता बसला. ताटातलं गार झालं. त्याच आठवड्यात त्याने लिहायला घेतलं.

त्याच्या पुस्तकात डोंगर फुटतो, राख सूर्य झाकते, बोटी यायच्या बंद होतात. अन्नाच्या कोठारांवर एक मंडळ बसतं आणि ते मंडळ मुलांच्या कानांवर खुणा कापतं. कुणी कोणत्या कोठारातून किती खायचं, ते कान बघून ठरायचं. आणि एक माणूस गुपचूप दुसऱ्यांच्या मुलांचे कान पुन्हा कापतो, त्यांचा घास आपल्या घरात यावा म्हणून. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला तो नवं प्रकरण वाचायचा. मी खिडकीतून बघायचे तर एकही डोकं बाकावर नाही. एका शुक्रवारी तर घंटा झाली तरी वर्ग हलला नाही, आणि बसवाला बाहेर हॉर्न वाजवून थकला. सगळ्यात पुढे इल्वा, गुडघे पोटाशी घेऊन. तिने विचारलं म्हणे, त्या चोराची खूण कशी होती ते तू सांगतच नाहीस. तो म्हणाला, पुस्तक आलं की बघ.

लिहून झाल्यावर त्याने, छापायच्या आधी हालबेरा वाचेल असं वर्गात सांगून, सगळे कागद मला आणून दिले. म्हणाला, सूप चाखतेस तसं चाख, मीठ बरोबर आहे का सांग. मला अर्थातच बरं वाटलं. शिकलेल्या माणसाने स्वयंपाकिणीला विचारावं, हे काय रोज घडतं?

एकशेबाराव्या पानावर चोराची खूण होती. उजव्या कानाचा शेंडा सरळ छाटलेला, डावा मधोमध चिरलेला, आणि चिरेच्या मागे एक चावा. मी तिथेच थांबले. बंदरगावची असले तरी बत्तीस शरद मी डोंगरावरून उतरलेल्या मेंढ्यांच्या वाटणीला उभी राहिले आहे. ती खूण स्कार्डची होती.

मी काहीच बोलले नाही. का, ते सांगते, कारण इतके दिवस मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. लोकांना सांगायचं कारण असं की बिचाऱ्याने जन्मभर वाट पाहिली, आता कुठे हात चालतोय, कशाला मोडता घाला. खरं कारण यापेक्षा खूप लहान आहे. आदल्याच शरदात केटिल शाळेच्या सभेत सगळ्यांदेखत म्हणाला होता की हालबेराचा मासे-बटाट्याचा लगदा कुत्र्याला घालावा, पण आधी कुत्र्याला विचारावं. लोक डोळे पुसेपर्यंत हसले होते. ती खूण वाचली आणि माझ्या मनात साखर पडली. मी शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, मीठ बरोबर आहे. त्या अक्षरांची मला आज इतकी लाज वाटते की पेन्सिल हातात धरवत नाही.

पुस्तक नोव्हेंबरात आलं. नाताळच्या आधी आमच्याकडे पुस्तकांचा पाऊस पडतो, सणाच्या संध्याकाळी घराघरांत एकमेकांना पुस्तकंच द्यायची रीत आहे. त्यात ओद्दुरचंही पडलं. मुखपृष्ठावर एका मुलीचे दोन कान, पानभर मोठे, खुणेसकट. राजधानीतल्या वाचकांना ते नुसतं चित्र. पण आमची पोरं पाच वर्षांची असल्यापासून कोकरं धरतात. त्यांनी पुस्तकाचं नाव वाचायच्या आधी कान वाचले. इल्वाने तर पुस्तक पहिल्याच दिवशी घेतलं होतं. त्याच वर्षीच्या वसंतात चर्चमधल्या दीक्षेच्या दिवशी केटिलने तिला सहा मेंढ्या आणि स्कार्डची खूण दिली होती, आजपासून तुझी म्हणून.

पुढचं माझ्या डोळ्यांसमोर घडलं, माझ्याच जेवणघरात. इल्वा ताट घेऊन निघाली की पोरं दोन बोटांची कात्री करायची. ती जवळून गेली की ताटांवर हात ठेवायची. “कान सांभाळा रे.” “इल्वा, या पावावर तुमची खूण आहे का बघ, नसली तर कर.” ती एक दिवस हसली, दुसऱ्या दिवशी हसली, तिसऱ्या दिवशी दाराजवळच्या टेबलावर एकटी बसली. मी पळी हातात घेऊन उभी होते. रांगेत राहा, एवढंच ओरडले. तेही रांगेसाठी.

जानेवारीच्या शेवटी खोऱ्याची जेवणावळ असते. मेंढ्यांची भाजलेली मुंडकी, आंबवलेलं मांस आणि वर्षभरात कोणी काय गाढवपणा केला त्याची नक्कल. नक्कल झाली म्हणून कुणी रागवायचं नाही असा दंडक आहे. यंदा मंडळींनी पुठ्ठ्याचा माणसाएवढा कान बनवला होता आणि लोकर कापायची मोठी कात्री आणली होती. एक जण विचारायचा, कुठला रे हा चोर, आणि सगळं सभागृह ठेका धरून उत्तर द्यायचं, नदीच्या पश्चिमेला. तिसऱ्या वेळी कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, कुंपणाच्या कोणत्या बाजूला? तेव्हा छप्पर उडेल इतकं लोक हसले. मीही हसले. केटिलसुद्धा हसला. ठेवणीतला कोट घातला होता त्याने. हसून झाल्यावर तो उठला, खुंटीवरचा इल्वाचा कोट काढला, तिला घातला, आणि ते दोघं निघून गेले. ताटात अर्धं मुंडकं तसंच राहिलं. सातशे वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते आम्ही ठेका धरून बोललो होतो.

त्या दिवशी ओद्दुरला पहिल्यांदा कळलं. तोवर त्याचा समज असा की पोरं पुस्तकावर खूश आहेत, म्हणून कात्र्या करतात. विद्वान माणसाला समोरचं दिसायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी तो स्कार्डला गेला, आणि एकट्याचा धीर होईना म्हणून मला बरोबर घेतलं. केटिलने कॉफी गाळली, धिरडी केली, वर साखर घातली. मला म्हणाला, तुझ्यासारखी नाही जमत. तो नदीवरच्या बर्फाबद्दल बोलला, नवीन मेंढ्याबद्दल बोलला, एका शब्दानेही टोचलं नाही. त्यापेक्षा त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने धिरडं गिळलं असतं. शेवटी ओद्दुरच म्हणाला की ते सगळं कल्पनेतलं आहे. लहानपणापासून कुंपणापलीकडे तेच कान बघितले, म्हणून लिहिताना हाताखाली तीच खूण आली, मनात दुसरं काही नव्हतं.

केटिलने त्याचा कप पुन्हा भरला. “पश्चिमेला चार घरं आहेत, ओद्दुर,” तो म्हणाला. “त्यात तुझंही आहे.”

परतीच्या वाटेवर गाडी चालवताना ओद्दुर तीनदा म्हणाला, माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. पहिल्यांदा मला ते पटलं. तिसऱ्यांदा त्याचं त्यालाही पटत नव्हतं. माझं पाप मी तेव्हा सांगून टाकायला हवं होतं, निदान दोघांत वाटून तरी घेतलं असतं. मी म्हणाले, रस्ता निसरडा आहे, जपून चालव.

मग तो खुणांचं पुस्तक घेऊन बसला. जिल्ह्यातल्या सगळ्या घरांच्या खुणा त्यात छापलेल्या असतात. त्याला पुढच्या आवृत्तीसाठी कुणाचीच नसलेली खूण हवी होती. मार्च संपेपर्यंत तो दुपारी माझ्या टेबलावर ते पुस्तक उघडून बसायचा. एक सापडली तर ती डोंगरापलीकडच्या विधवेची निघाली, दुसरी चर्चच्या पाद्र्याची. कान दोनच, आणि माणसं हजारो. शेवटी त्याने प्रकाशकाला लिहिलं की चोराच्या कानावर टुंगाची खूण घाला, माझीच. होकाराचं पत्र आल्यावर तो शाळेच्या व्हरांड्यात इल्वाला गाठून ते दाखवायला गेला. पोरासारखा खुलला होता.

इल्वाने पत्र नीट वाचलं, घडी घालून परत दिलं. “म्हणजे आता तू चोर,” ती म्हणाली. “त्यामुळे मी कमी चोर झाले का?”

त्यानंतर ओद्दुरने शुक्रवारचं वाचन बंद केलं. पोरं पुन्हा झोपायला लागली.

मे महिन्यात कोकरं झाली. इल्वाच्या सहा मेंढ्यांना अकरा. कोकरं डोंगरावर सोडायच्या आधी कान कापावे लागतात, आणि आपल्या मेंढ्यांच्या कोकरांचे कान आपल्याच हाताने. केटिल मला दुकानात भेटला तेव्हा खिळे निवडता निवडता म्हणाला, “पोरीने कापले नाहीत. म्हणते, ती खूण मी कुणाच्या कानावर करणार नाही. कोकरांच्या कानात सरकारी नंबराचा बिल्लाही घातला नाही.” मी विचारलं, मग तू का नाही केलंस? तो म्हणाला, “दिलेली वस्तू परत घ्यायची असते का?”

याचा अर्थ आम्हाला दोघांनाही कळत होता. बिनखुणेचं कोकरू शरदातल्या वाटणीला कुणाचंच नसतं. ते वेगळ्या कप्प्यात जातं आणि गावाच्या नावाने विकलं जातं. अकरा कोकरं गेली तर गेली, पण केटिल अठ्ठ्याहत्तरचा. त्याच्यामागे खूण घेणारं इल्वाशिवाय कुणी नव्हतं. तिने टाकली की खुणांच्या पुस्तकाच्या पुढच्या छपाईत स्कार्डच्या नावापुढे काही नसणार, आणि मेंढ्यांवाचून पोरगी तरी खोऱ्यात कशाला राहील? सगळा उन्हाळा ती कोकरं वर डोंगरात कोऱ्या कानांनी चरत होती आणि खाली आम्ही सगळे गवत कापत होतो. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आता आम्हाला गप्प बसणं आठवलं होतं.

सप्टेंबरात मेंढ्या उतरल्या. दगडी भिंतींचं मोठं गोल आवार, मधे सगळा कळप, आणि भोवती एकेका घराचा कप्पा. माणसं कळपात शिरून कान बघतात, आपली मेंढी असली तर शिंगं धरून आपल्या कप्प्यात ओढतात. मी नेहमीसारखी भिंतीबाहेर मांसाच्या सुपाचं पातेलं घेऊन उभी. दुपारपर्यंत मधलं आवार रिकामं झालं. उरली ती अकरा कोकरं, एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून. त्यांच्या आया स्कार्डच्या कप्प्यातून ओरडत होत्या. कोकरं कोणाची, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण आई ओरडते म्हणून कोकरू कुणी देत नाही, बोलावं लागतं.

ब्रांदुर म्हणजे मेंढ्या उतरवणाऱ्यांचा म्होरक्या, त्याला आम्ही डोंगरराजा म्हणतो. त्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, ही कोणाची? केटिल भिंतीला टेकून उभा होता, त्याने नातीकडे पाहिलं. इल्वाने खाली पाहिलं. ब्रांदुरने दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारून झालं की वेगळ्या कप्प्याचं दार उघडायचं. सबंध खोरं वाट्या हातात धरून उभं होतं, आणि कुणीही खात नव्हतं.

“स्कार्डची,” ओद्दुर म्हणाला. तो आवारात उतरला होता, शहरी बुटांनी.

“कशावरून?” ब्रांदुरने विचारलं. त्याला विचारावंच लागतं.

ओद्दुर कोकरांच्या आणि स्कार्डच्या कप्प्याच्या मधे जाऊन उभा राहिला. मग तो म्हणाला, “साठ वर्षं यांच्या कुंपणाला लागून राहिलोय. दुसऱ्याचं कोकरू या घरात गेलेलं मी कधी पाहिलं नाही. एकदासुद्धा नाही.”

इल्वाने मान वर केली. “हे पुस्तकात नाहीये,” ती म्हणाली.

“नाहीये,” ओद्दुर म्हणाला. “तेच लिहायला हवं होतं. मी चोर शोधत बसलो आणि तुझं घर मला सोपं पडलं.”

इतक्या माणसांसमोर असं बोलल्यावर माणूस कुठे बघतो? तो आपल्या चिखलभरल्या बुटांकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग आजोबांकडे जाऊन तिने हात पुढे केला. केटिलने खिशातली सुरी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

“धर,” ती ओद्दुरला म्हणाली.

ओद्दुरने लहानपणानंतर कोकरू धरलं नव्हतं. शरदातलं कोकरू काही काखेत मावत नाही. पहिलं त्याच्या हातून निसटलं, तो गुडघ्यावर पडला, उठला, पुन्हा धरलं. कुणी हसलं नाही. तिने उजवा कान सरळ छाटला, डावा चिरला, मागे चाव्याची खाच पाडली. आणि कोकरू सोडताना ती मोठ्याने म्हणाली, “स्कार्ड.” ब्रांदुरने मान डोलावली. दुसरं झालं, तिसरं झालं. दर वेळी तेच नाव, सबंध आवाराला ऐकू जाईल असं. ओद्दुरच्या स्वेटरवर रक्ताचे थेंब उडाले होते आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण कोकरू धरलेले हात त्याला पुसायला नेता येत नव्हते.

पाचवं सोडल्यावर ती थांबली आणि भिंतीवरून माझ्याकडे बघितलं.

“हालबेरा, छापायच्या आधी तू वाचलं होतंस ना?”

“हो,” मी म्हणाले.

“खूण ओळखली होतीस?”

उत्तर माझ्याकडे तयार होतं. दहा महिने घोकून ठेवलं होतं: मी बाई बंदरगावची, मला माशांचं कळतं, कानांचं काय कळणार. लोकांनी ते मानलंही असतं. तिच्या मागे केटिल उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली, मला अडचण नको म्हणून. त्याला माहीत होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे. धिरडी केली त्या दिवशीही बहुतेक माहीत होतं.

“ओळखली होती,” मी म्हणाले.

इल्वाने सुरी विजारीला पुसली.

“मग पुढचं तू धर.”

मी पळी पातेल्यात सोडली, ॲप्रनला हात पुसले आणि भिंत चढून आत उतरले. ओद्दुर बाजूला सरकला. कोकरू माझ्या छातीशी धडपडत होतं, आणि सगळं खोरं बघत होतं.